नाना गेले. त्यांच्या चुकलेल्या पत्त्यांच्या वहीचं काय करू?

संध्यासेट

मंडळी, मी इथे बहुतेक वाचायलाच येते. आज लिहिते आहे, कारण नानांबद्दल घरात कितीही बोललं तरी मन भरत नाही. शिवाय तुम्हाला एक विचारायचंही आहे.

नाना गेल्या महिन्यात गेले. रक्ताचं नातं काही नाही. इंदूरच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, आम्ही बावीस वर्षं एकाच सेटमध्ये होतो. आमच्याकडे पाळीला सेट म्हणतात. मी १९९० साली लागले, ते २०१२ साली निवृत्त झाले. गेले तेव्हा वय त्र्याहत्तर. रात्री जेवले, वहिनींना गोळी घेतली का विचारलं, झोपले, ते सकाळी उठलेच नाहीत. पंचकुईयाच्या स्मशानात जुन्या ऑफिसातले एकोणीस जण पोचले होते, त्यातले दोघे काठी टेकत.

टपाल म्हटलं की लोकांना पोस्टमन आठवतो, तोच दाराशी येतो म्हणून. पण पेटीत टाकलेलं पत्र पोस्टमनच्या हाती जाईपर्यंत मधे जे असतात ते आम्ही, सॉर्टर. समोर उभी लाकडी मांडणी, तिला खण, एकेका खणाला एकेक गाव. डाव्या हातावर गठ्ठा घ्यायचा, उजव्या हाताने एकेक पत्र खणात टाकत जायचं. खण भरला की बंडल, बंडलं थैलीत, थैलीच्या तोंडाला सुतळी, सुतळीला लेबल, वर लाख आणि लाखेवर शिक्का. मग थैली गाडीवर. तास न् तास उभ्याने.

नानांचा हात आमच्या सेटमध्ये सगळ्यांत जलद. पण मला तो आठवतो थांबलेला. शंभर-दोनशे पत्रं सपासप जायची आणि मधेच एका पत्रावर त्यांचा अंगठा अडायचा. पत्र उलटं करून मागचा पत्ता बघायचे. दिव्याशी धरून शिक्का कुठल्या गावचा ते वाचायचे. ते पत्र खणात न टाकता मांडणीच्या वर, उजव्या कोपऱ्यात ठेवायचे. सेट संपला, सगळे डबे आवरून निघाले, की त्या कोपऱ्यातली पत्रं घेऊन बसायचे.

त्यात सगळ्यांत जास्त असायची जळगावची. कारण सांगते. जळगावचा पिन ४२५००१. इंदूरचा ४५२००१. दोन आणि पाच, इकडचे तिकडे झाले की जळगावचं पत्र थेट आमच्या खणात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचाही पहिला आकडा चार, त्यामुळे पाठवणाऱ्या गावी कुणाला चूक दिसतच नाही. पहिले तीन आकडे बघायचे, थैलीत टाकायचं, काम झालं. गावाचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात असलं किंवा शाई फुटलेली असली की संपलंच.

नवीन होते तेव्हा मी विचारलं होतं, गावाचं नाव धड वाचता येत नाही, तर हे जळगावचं आहे हे तुम्हाला कळतं कसं? त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. म्हणाले, “ताई, हे वाचा. बळीराम पेठ. आपल्याकडे पुरा आहे, गंज आहे, बाखल आहे. नंदलालपुरा, मल्हारगंज, टाटपट्टी बाखल. पेठ कुठाय?”

माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे होते, पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत मला ताईच म्हणाले.

मग त्यावर ‘मिससेंट’चा ठप्पा मारायचा, लाल शाईने ‘ट्राय जळगाव’ लिहायचं आणि पत्र परतीच्या थैलीत. नियमाने काम इथे संपतं. नानांचं संपायचं नाही. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असेल तर ते त्या माणसाला स्वतःच्या पैशाने पोस्टकार्ड टाकायचे. मी त्यांच्या शेजारी उभी राहून इतक्या वेळा वाचलंय की पाठ आहे:

“सप्रेम नमस्कार. आपण जळगावी धाडलेलं पत्र चुकून इंदुरी आलं होतं. आज पुढे रवाना केलं आहे. जळगावचा पिन ४२५००१ आहे, आपल्याकडून ४५२००१ लिहिला गेला. घरचे वाट पाहत असतील म्हणून कळवलं. एक टपाल कर्मचारी, इंदूर.”

नाव कधी घातलं नाही. उत्तर कुठून येणार? आलं तरी कुणाच्या नावे?

स्वतःबद्दल एकच सांगते. आमची संध्याकाळची सेट रात्री दहाला सुटायची. तेव्हा मी राजेंद्रनगरला राहायचे आणि टेंपोची वाट बघत स्टेशनबाहेर उभी असायचे. पहिल्याच आठवड्यात नाना सायकल हातात धरून शेजारी येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत. टेंपो आला, मी बसले, ते सायकलवर बसून उलट्या दिशेने गेले. त्यांचं घर रामबागेत, तेही पायी दहा मिनिटांवर. असं त्यांनी सहा वर्षं केलं, माझी लूना येईपर्यंत. पाऊस असला तर छत्री माझ्या हातात द्यायचे आणि स्वतः डोक्यावर रिकामी थैली घ्यायचे. ऑफिसात या गोष्टीचा उच्चार नाही, घरी वहिनींना मात्र पहिल्या दिवशीच सांगितलेलं. वहिनींनी दुसऱ्या आठवड्यात मला जेवायला बोलावलं आणि मग ते घर माझंही झालं.

२०२५ साली जाहीर झालं, की १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन होणार. त्याच्या आदल्या शनिवारी, ३० ऑगस्टला, नाना मुलाच्या गाडीवर बसून पोस्टात गेले आणि मला एक रजिस्टर पत्र टाकलं, पोचपावतीसकट. मी पण इंदुरातच, त्यांच्यापासून चार किलोमीटरवर. आत चार ओळी. तब्येत बरी आहे, या पावसात भुट्ट्याचा कीस झाला नाही, ये. मी सही करून पोच परत पाठवली. ती मिळाल्याचा त्यांचा फोन आला तेव्हा आवाज किती खुशीत होता!

आता प्रश्न. तेराव्याला त्यांच्या मुलाने मला एक वही दिली. लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तशी आडवी बही. १९८३ पासूनचे चुकलेले पत्ते आहेत त्यात. पहिल्या रकान्यात काय लिहिलं होतं, दुसऱ्यात काय हवं होतं, तिसऱ्यात कशावरून कळलं. मुलगा म्हणाला, मावशी, आम्हाला यातलं काही कळत नाही, तुम्हीच ठेवा. मी ती कपाटात ठेवली आहे आणि रोज काढून बघते. माझ्यामागे माझ्या घरी तरी कुणाला कळणार आहे? काय करावं हिचं?

जुनी_इंदूरवाली

वाचून डोळे भरले. नानांना नमस्कार.

आमचं लहानपण मल्हारगंजातल्या वाड्यात गेलं. पुण्याहून आजीची पत्रं यायची आणि त्यावर पत्ता काय, तर आजोबांचं नाव, बडा गणपतीजवळ, इंदूर. बास. घर नंबर नाही, पिन नाही. तरी यायची. आम्हाला त्यात काही नवल वाटलं नाही कधी. आज पहिल्यांदा वाटतंय की कुणीतरी ते पत्र हातात घेऊन थांबलं असेल.

बडोदेकर

संध्यासेट, माझ्या मते ही वही म्हणजे दस्तऐवज आहे. आपल्याकडे राजेरजवाड्यांची पत्रं जपतात, कामगाराच्या हातची नोंद कोण जपतो? दिल्लीला संसद मार्गावर डाक भवनात राष्ट्रीय फिलाटेलिक, म्हणजे टपाल तिकिटांचं, संग्रहालय आहे, तिथे विचारा. निदान पानन् पान स्कॅन करून नेटवर सर्वांसाठी टाका. मी बडोद्याहून स्कॅनिंगचा सगळा खर्च आणि काम करायला तयार आहे.

दुसरं असं की पिनची पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी. टपाल खात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी, नाटककार. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला तो नेमका याचसाठी, की एका नावाची दहा गावं, दहा भाषांत लिहिलेले पत्ते, यातून सॉर्टरची सुटका व्हावी. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. इतकी नेटकी रचना, आणि तिच्यातही माणसाचा हात दोन आकडे उलटे लिहितोच. त्या फटीत तुमचे नाना उभे होते. म्हणून म्हणतो, वेलणकरांच्या कामाइतकीच ही वही जपली पाहिजे.

खानदेशकन्या

मी जळगावची. माहेर जोशी पेठ, सासर इंदूर, म्हणजे दोन्ही पिन माझ्या हाताने हजारदा लिहिलेले. माझ्याकडूनही उलटे झालेत, खरं सांगते. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं तर हात आपोआप ४२५ कडेच वळायचा.

धागा वाचून लगेच आईला फोन लावला. असं कार्ड आपल्याकडे कुणाला आलं होतं का? तिला आठवत नाही. पण ती एक म्हणाली ते लिहिते. “पत्र उशिरा आलं की आपण पोस्टाला बोलायचो. उशिरा का होईना, आलं कसं हे कधी मनात आलं नाही गं.”

बडोदेकर, तुमची कळकळ कळते, पण नेटवर टाकायला माझा विरोध आहे. ते पत्ते माणसांचे आहेत. कुणाचं पत्र कुणाला गेलं, कोणती मुलगी कुठल्या गावी लिहीत होती, हे त्यात असणार. नानांनी एकाही पत्राचं तोंड उघडलं नसेल. आपण त्यांच्या वहीचं उघडायचं का?

संध्यासेट

खानदेशकन्या, अगदी खरं. नानांनी पत्र कधी उघडलं नाही, आणि आम्हाला तो अधिकारही नाही. ज्याचा पत्ता लागत नाही आणि पाठवणाराही कळत नाही, ते परतपत्र कार्यालयात जातं, तिथला नेमलेला अधिकारीच ते उघडू शकतो. म्हणून तर नाना बाहेरून शोधायचे. वहीतला तिसरा रकाना वाचताना मला त्यांचा आवाज ऐकू येतो. पत्त्याचा भाग सोडून काही नोंदी लिहिते:

“‘चौथी गल्ली, मारुतीजवळ’. मारुती गावोगावी. पण शिक्का चोपड्याचा आणि अक्षर लहान मुलाचं. मामाला लिहिलंय. आडनावावरून आपल्या बीटच्या पोस्टमनला विचारलं. सापडलं.”

“पाकिटात तिळगूळ. फुटून भुगा झालाय, मुंग्या लागल्या. नवीन पाकिटात घालायची परवानगी घेतली, जुनं पाकीट सोबत टाचलं.”

“राखी. पिन देवासचा, गाव धार. ४५५ आणि ४५४. उद्याच पौर्णिमा. धारच्या बॅगेत वरती टाकली.”

राखीच्या दिवसांत त्यांचं एक ठरलेलं होतं. पाकिटाला अंगठा लावून चाचपायचे, आत फुगवटा लागला की ते पाकीट ऑफिसात रात्र काढणार नाही. ठप्पा मारतानासुद्धा आम्हाला सांगायचे, तिकिटावर हलक्या हाताने, खाली मणी आहेत. दोन-दोन तास जादा थांबायचे त्या आठवड्यात. त्यांना सख्खी बहीण नव्हती. मी राखी बांधायला लागले १९९३ पासून.

सेट_नंबर_दोन

ताई, ओळखलंत का? तुमच्या सेटनंतर आमची सेट लागायची. चार्ज देता-घेता रोज भेट व्हायची. नानांच्या बातमीनं मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्याला आलो होतो, तुम्ही आत वहिनींजवळ होतात म्हणून बोलणं झालं नाही.

आमच्या सेटमध्ये तीन पोरं मिलवाल्यांच्या घरची होती. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ निघतात, मिलांच्या, पहाटेपर्यंत चालतात. पोराबाळांना खांद्यावर घेऊन सगळं शहर रस्त्यावर. ज्याच्या बापाने झांकीला रंग दिला त्याने त्या रात्री ठप्पे मारत बसायचं, हे नानांना पटायचं नाही. दरवर्षी स्वतःची सेट संपवून आमच्यातल्या एकाची ड्युटी लिहून घ्यायचे. सलग सोळा तास उभे. सकाळी पोहे-जलेबी घेऊन आम्ही यायचो तर खुर्चीवर बसल्या-बसल्या झोपलेले, हातात सुतळी.

आता एक गोष्ट सांगायची की नाही, यावर चार दिवस विचार केला. नाना होते तोवर त्यांनी सांगू दिलं नाही. आता ते नाहीत, आणि तुम्हाला माहीत असलं पाहिजे असं मला वाटतं.

१९९१ ची गोष्ट. खंडव्याची आणि रतलामची रजिस्टर बॅग, लेबलं बदलली गेली होती. तेव्हा मीटरगेज होती. एक गाडी इकडे, एक तिकडे. दोन्ही बॅगा उलट्या गेल्या. लेबलं तुम्ही बांधली होतीत. तुम्ही प्रोबेशनवर होतात, तुम्हाला लेखी विचारणा झाली, तुम्ही लेखी उत्तर दिलंत आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. असंच तुम्हाला माहीत आहे ना?

ते मिटलं नव्हतं. नानांनी स्वतः होऊन एक कागद दिला. तो मी टाईप केला, म्हणून मला माहीत. त्यात नानांनी लिहिलं होतं की बांधलेल्या बॅगा तपासून सही करायचं काम त्या दिवशी माझं होतं, मी लेबलं न वाचता सही केली, तपासणारा डोळे उघडे ठेवता तर नव्या कर्मचाऱ्याची चूक तिथेच पकडली गेली असती, म्हणून चूक माझी धरावी. यात खोटं अक्षर नव्हतं ताई, सही त्यांचीच होती. पण त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. ते गप्प बसते तर कुणी विचारणारही नव्हतं. त्यांच्या सेवापुस्तकात ताकीद लागली. तुमचा कागद कोराच राहिला आणि वेळेवर कायम झालात.

मला म्हणाले, तिला बोलू नको, ती उगाच ओझं घेऊन फिरेल.

संध्यासेट

मला माहीत नव्हतं.

चौतीस वर्षं. जवळपास रोज भेट, इतक्या दिवाळ्या, त्यांच्या मुलाचं लग्न, माझ्या मुलीचं बारसं. एकदाही नाही.

मला आठवतंय ते एवढंच की त्या दिवशी मी रडत होते आणि त्यांनी माझ्या उत्तराचा कागद वाचून दाखवायला सांगितला होता. मी दीड पान लिहिलं होतं, उजेड कमी होता, गर्दी होती, आई आजारी होती. ते म्हणाले, ताई, हे सगळं खरं आहे, पण हे कापा. लिहा, लेबल बांधताना माझी चूक झाली, पुढे प्रत्येक लेबल दोनदा वाचेन. मी तेवढंच लिहिलं. आणि पुढे प्रत्येक लेबल दोनदा वाचलं, निवृत्त होईपर्यंत.

दादा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आज आणखी लिहवत नाही.

वाचनमात्र

मी ग्वाल्हेरला असतो, सहसा लिहीत नाही. आमच्या कारखान्यातला एक जोडीदार दहा दिवसांपूर्वी गेला. रोज एका डब्यात जेवायचो. त्याच्या घरी जायची हिंमत होत नाहीये. गेलो तर बोलायचं काय? त्याच्या बायकोशी कधी चार वाक्यंही बोललो नाही. या धाग्यावर विचारणं योग्य आहे का माहीत नाही, पण इथे कळेल असं वाटलं.

संध्यासेट

अगदी योग्य आहे. लवकर जा.

नानांकडे गेलो तेव्हा नातेवाईक ‘फार चांगला माणूस’ म्हणत होते आणि वहिनी मान हलवत होत्या. मी तेच म्हणणार होते. पण माझ्या तोंडून पेठेची गोष्ट निघाली, पुरा, गंज, बाखल. वहिनींनी मान वर केली. त्यांना माहीतच नव्हती! मुलगा आतून येऊन बसला. चाळीस वर्षं वडील ऑफिसात नेमकं काय करतात हे त्या घरात कुणी पाहिलेलं नाही. कामावरचा माणूस फक्त आपण पाहिलेला असतो. तुमच्या जोडीदाराच्या बायकोलाही तो मशीनवर कसा उभा राहायचा, डबा उघडल्यावर आधी काय खायचा, तिच्या हाताच्या कुठल्या भाजीची तारीफ करायचा, हे ठाऊक नसेल. ते सांगा. रडू आलं तर येऊ द्या.

सेट_नंबर_दोन

आणि वाचनमात्र, कागदांचं विचारा. घरच्यांना त्या दिवसांत काही सुचत नसतं. पीएफ, विमा, पेन्शन जे असेल ते. नानांचं आम्ही दोघांनी मिळून केलं. मृत्यूचा दाखला, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची प्रत, वहिनींचं पासबुक, आधार, एका फाईलीत लावून बँकेत सोबत गेलो. वहिनींना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत दर आठवड्याला फोन करतो. मित्राच्या मागे एवढं तर करायलाच हवं.

बडोदेकर

संध्यासेट, मी स्कॅनची सूचना मागे घेतो. खानदेशकन्यांचं बरोबर आहे. वही जगासमोर आली नाही तर हरवेल, ही माझी भीती होती. पण हरवू न देण्याचे दुसरेही मार्ग असतील. तिसरा रकाना मात्र, कशावरून कळलं तो, तुम्ही पत्ते गाळून हाताने उतरवलात तर फार मोठं काम होईल. आज काही मोठ्या शहरांत पत्रं मशीनवर छाटली जातात. पत्त्याकडे बघून गाव ओळखायची ही विद्या तुमच्या पिढीबरोबर जाईल.

वाचनमात्र

काल जाऊन आलो. दोन तास बसलो. भाजीचं सांगितलं, वांग्याचं. आभार.

संध्यासेट

वाचनमात्र, बरं केलंत. पुन्हा जा, महिन्याने. तेव्हा माणसं कमी झालेली असतात.

मी रविवारी वही घेऊन वहिनींकडे गेले होते. आधी सेट नंबर दोन यांनी सांगितलेलं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही पण? त्या म्हणाल्या, “त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, आज माझी सही खरी झाली. मला काही कळलं नाही, मग समजावून सांगितलं. आणि तुला सांगायचं नाही म्हणाले.” मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बरंच रडले. वहिनी केसांवरून हात फिरवत राहिल्या.

वहीचं असं ठरलं. वही वहिनींकडे राहील. दर रविवारी मी जाऊन तिसरा रकाना उतरवेन, बडोदेकर म्हणतात तसं, पत्ते गाळून. वहिनींना आता दिसायला कमी झालंय, मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. पहिल्याच दिवशी १९८३ ते ८५ झालं.

वाचताना कळलं की वही २०१२ ला संपलेली नाही. निवृत्तीनंतर ते रामबागेतून मुलाच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, राहायला गेले. तिथे खाली गेटाशी चौकीदाराच्या टेबलावर सगळ्यांचं टपाल एका खोक्यात पडायचं. नाना रोज सकाळी दूध आणायला उतरले की ते खोकं छाटायचे. फ्लॅटवार गठ्ठे करून, रबर लावून. सोडून गेलेल्या भाडेकरूंची पत्रं आली तर त्यांचे नवे पत्ते विचारून ठेवलेले. वहीची शेवटची अकरा पानं त्याच मल्टीची आहेत. शेवटची नोंद ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची.

निघताना मी गेटाशी थांबले. खोकं भरून वाहत होतं. महिनाभर कुणी हात लावला नव्हता. बँकांची पाकिटं, विम्याची, वीजबिलं, एक लग्नपत्रिका, तिची तारीखही उलटून गेलेली. मी ते खोकं उचलून परत वर घेऊन गेले आणि वहिनींच्या पलंगावर पालथं केलं. मी नावं वाचत गेले, वहिनी फ्लॅट सांगत गेल्या. त्यांना सगळी मल्टी पाठ आहे. तासाभरात रांगेने गठ्ठे लागले.

शेवटी दोन पाकिटं उरली, तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाच्या नावाची. तो दिवाळीतच घर सोडून गेला. मी म्हटलं, ही परत पाठवू या. वहिनी म्हणाल्या, “थांब. तो वैशालीनगरला गेलाय, यांनी लिहून घेतलं होतं.” त्यांनी चाचपत उशीखालून नानांचा चष्म्याचा डबा काढला. आत चष्मा, आणि चष्म्याशेजारी लाल पेन.

“ट्राय लिही,” म्हणाल्या.